देवाचं धुणं

आमच्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी नावापुरतीच ड्राय आहे. स्वयंपाकघराच्या मागे एका हाताला वॉशिंग मशीन, दुसऱ्या हाताला नळ आणि पाणी जायला उतार दिलेला चौकोन, डोक्यावर दोऱ्यांचा स्टँड, समोर कबुतरांची जाळी. उरलेल्या जागेत मी. बिल्डरनं कार्पेट एरिया मोजला तेव्हा मला धरलं नसावं.

ही बिल्डिंग आमच्याच शेतावर उभी आहे. नगर रोडला, वाघोलीच्या अलीकडे. आधी गाव होतं, मग महानगरपालिका आली आणि गाव राहिलं फक्त देवळापुरतं आणि भांडणांपुरतं. माझे सासरे आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, जिथं आता लिफ्ट आहे तिथं आमची विहीर होती. लिफ्ट बंद पडली की मी म्हणते, पाणी लागलं असेल.

मी गुलटेकडीची. मार्केट यार्डाच्या कांद्याबटाट्याच्या वासात वाढलेली. त्यामुळे घाणीचं मला भय नाही, आणि स्वच्छतेचं फार कौतुकही नाही. जे समोर पडलं ते धुवायचं, एवढंच मला येतं.

दिवाळीपासून माझ्यासमोर रोज आबांची चादर पडायची.

पहिल्या दिवशी मी पहाटे उठले तर ड्राय बाल्कनीत निळी बादली, तिच्यात चादरीची नीट घडी, वर आबांचा जुना पंचा पांघरलेला. वासावरून समजलं. आबा हॉलमध्ये पेपर समोर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण आदल्या दिवशीचा होता. मी चादर धुतली, आतल्या दोरीवर वाळत घातली, आणि दुपारी त्यांच्या गादीवर गुपचूप रबरी कापड घालून वर नवी चादर अंथरली. संध्याकाळी ते पलंगावर बसले, खाली हात लावून बघितला, आणि जेवताना म्हणाले, "आमटी चांगली झालीय." झाला आमचा करार.

तेव्हापासून ते घडी घालतात, मी धुते. एक अक्षर बोलणं नाही. आधी गार पाण्यात खळबळायचं, मग सोडा, मग साबण. गरम पाणी नाही घालायचं, डाग आणि वास दोन्ही कापडात घर करून बसतात. हे मला कुणी शिकवलं नाही. चादरीनंच शिकवलं.

हातांचं मात्र सांगायला हवं होतं. ते चादर घडी करून थेट देवाला फूल वाहायला जायचे, आणि मग डब्यातून शेव. आता सासऱ्याला कसं सांगणार? मी बेसिनवर नवा साबण ठेवला आणि माझ्या इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीला, ओवीला, हॉलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात झापलं. "बोटांच्या मधे घास, नखांखाली घास, अंगठा काय शेजाऱ्यांचा आहे? आणि मनगटापर्यंत!" ओवी म्हणाली, "मम्मी, आर यू ओके? मी ट्वेंटी इयर्सची आहे." पण दुसऱ्या दिवसापासून आबांच्या बेसिनचा नळ जास्त वेळ वाहायला लागला.

नवऱ्याला, आनंदला, यातलं काही माहीत नव्हतं. त्याला कळलं असतं तर त्याच्या बहिणीला कळलं असतं, आणि बहिणीला कळलं की पूर्ण भावकीला कळतं. डॉक्टरचं मी एकदा आडून काढलं होतं. आबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" विषय संपला.

आणि भावकीला कळणं का परवडणार नव्हतं, तर देवाच्या धुण्यामुळे.

आमच्या भैरोबाची चैत्रात यात्रा असते. यात्रेआधी देवाचं वर्षाचं कापड, म्हणजे शेले, धोतरं, पालखीच्या गादीची खोळ, हे सगळं हातानं धुवायचा मान आमच्या घराचा. घरातला थोरला पुरुष धुतो. आबांच्या आजोबांनी धुतलं, वडिलांनी धुतलं, आबांनी ऐन तारुण्यापासून धुतलं. पूर्वी नदीवर. आता त्या नदीत देवाचं सोडा, फरशीचं फडकंसुद्धा कुणी बुडवणार नाही, म्हणून देवळाच्या मागं नवीकोरी पातेली ठेवून बोअरच्या पाण्यात. नियम एकच, धुणारा माणूस अंगानं निर्मळ पाहिजे. निर्मळ म्हणजे काय ते कुणी समजावून सांगत नाही, पण आबांना ते पुरतं समजलेलं होतं. म्हणूनच तर घडी इतकी नीट असायची.

आबांकडं आता शेत नाही, बैल नाहीत, बायको नाही. वर्षातून एक दिवस गाव त्यांच्या हाताकडे बघतं, तेवढं उरलेलं.

यात्रा जवळ आली होती, तेव्हा एके दिवशी आबा उशिरा उठले. आनंद दुकानात गेला होता, ओवी कर्वेनगरला कॉलेजात. मशीनमध्ये घरातले कपडे लावले, आणि मी नळाखाली चादर घेऊन बसले. रबरी कापड धुऊन स्टँडवर टाकलं होतं, त्याचं पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं. मोबाईल आत चार्जिंगला.

दाराची बेल वाजली.

"कोण हाय?" आबांचा आवाज.

"मी ज्ञानदेव, आबा. आई बी आलीय."

ज्ञानदेव म्हणजे आबांच्या चुलत भावाचा मुलगा. देवळाच्या कमिटीत आहे. दरवर्षी पालखीच्या पुढं चालतो आणि दरवर्षी आबांच्या हातातल्या ओल्या शेल्याकडं बघतो.

आणि मग मी ऐकलं ते सांगते. जो माणूस पलंगावरून जेवायच्या टेबलापर्यंत यायला देवाचं नाव घेतो, त्याच्या चपला फटाफट वाजत स्वयंपाकघरात आल्या. आबा बाल्कनीच्या दारात उभे. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या हातातल्या चादरीकडं बघितलं, मग स्टँडवरच्या रबरी कापडाकडं, मग बादलीकडं.

"आबा, काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी दार ओढून घेतलं. वरची कडी खटकन लागली.

मी पिळलेली चादर हातात घेऊन बंद दाराकडं बघत राहिले. पहिल्यांदा हसूच आलं. मग लक्षात आलं की पुराव्याबरोबर त्यांनी मलाही लपवलंय.

दाराशेजारी काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे. दिसत काही नाही, पण आमचं स्वयंपाकघर हॉलला उघडं असल्यामुळे ऐकू सगळं येतं.

"या, या. आज सकाळी सकाळीच?" आबा दार उघडून म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"सकाळ कुठली भावजी, ऊन डोक्यावर आलं." ही ज्ञानदेवची आई, आनंदीबाई. मी त्यांना काकी म्हणते. तोंडानं तिखट, आणि त्यांच्या नजरेतून उंदीरही सुटत नाही. "तुमच्या लिफ्टमधी ऊन येत न्हाय म्हणून कळत नसंल."

"बसा. बसा की."

"रुपाली कुठाय?"

"बाहीर गेलीय."

"कुठं?"

आबा अडकले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, त्यामुळे जे पहिलं तोंडात आलं ते त्यांनी सोडून दिलं. "मार्केट यार्डात. भाजीला."

म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी अर्धं पुणं ओलांडलं होतं.

"चप्पल तर दारात हाय तिची."

"दुसरी घालून गेली."

"लई चपला झाल्या बाई हल्ली," काकी म्हणाल्या, आणि सोफ्यावर बसल्याचा आवाज आला.

मी विचार करायला लागले. हाक मारावी का? मारली तर ज्ञानदेव दार उघडणार. समोर मी, हातात चादर, वर रबरी कापड. लहान मूल घरात नाही, त्यामुळे ते कुणाचं हे सांगायला लागणार नाही. चादर मशीनमध्ये कोंबावी, तर मशीन चालू, आणि चालू मशीनचं दार उघडत नाही. रबरी कापड काढून बादलीत घालावं, तर बादली कशात घालू? आणि समजा सगळं लपवलं, तरी मी मार्केट यार्डात असताना ड्राय बाल्कनीतून बाहेर कशी आले? आबा खोटे पडणार. बरं, मग सून कोंडली का, याचं उत्तर काय?

थोडक्यात, कडी एकच होती, पण मी सगळीकडून बंद होते.

तेवढ्यात डक्टच्या पलीकडच्या ड्राय बाल्कनीत शेजारची अपेक्षा आली. आयटीवाली, घरूनच काम करते, कानात कायम काहीतरी असतं. तिनं कपड्यांचा ढीग मशीनवर टाकला आणि तिला मी दिसले.

"काकू! लॉक झालात का?"

मी दोन्ही हात हलवले. चादरीसकट.

"वेट, मी सिक्युरिटीला कॉल करते. त्यांच्याकडे लॅडर असते."

मी तोंडावर बोट ठेवलं. मग दाराकडं दाखवलं. मग हात जोडले. अपेक्षानं कानातलं काढलं आणि कुजबुजली, "कोणी आलंय का? चोर?"

मी मान हलवली, नाही.

"मग... सरप्राइज आहे का?"

मी जोरात मान हलवली. हो.

"ओह! बर्थडे?"

हो.

"ऑ, सो क्यूट," म्हणाली, अंगठा दाखवला, मशीन लावलं आणि गेली. शिकलेल्या मुलींचं मला एक बरं वाटतं. सांगितलेलं पटकन पटतं त्यांना.

आत लायटरची टिकटिक ऐकू आली. आबा स्वतः चहा करत होते. आता चादरीची घडी घातलेल्या हातांनी ते कप उचलणार, साखर घालणार, आलं किसणार. मी चादर विसरून खिडकीच्या पट्ट्यांना कान लावला. गॅस बारीक केल्याचा आवाज आला. आणि मग नळ. माझ्यापासून हातभर अंतरावर, भिंतीच्या पलीकडं, सिंकचा नळ वाहत राहिला. साबणाचा फसफस आवाज. परत नळ. मी मनात म्हणत होते, अंगठा, आबा, अंगठा.

"भावजी, हात झिजतील," हॉलमधून काकी ओरडल्या. "चहा करताय का आपरेशन?"

चहा झाला. बश्या वाजल्या. ज्ञानदेवनं घसा खाकरला. माणूस वाईट नाही, पण विषय काढताना त्याला घसा लागतो.

"आबा, यात्रा आली जवळ."

"आली की."

"धुण्याचं बघायला पायजे. कमिटीत विषय निघाला हुता."

"कसला विषय? दरसाल मी धुतो. त्यात विषय कशाला निघतो?"

"न्हाय, म्हंजी, तुमचं आता वय झालं."

"माझं झालं, मग देवाचं काय झालं? त्यो तर माझ्या आज्याच्या आधीचा हाय."

ज्ञानदेव हसला. पण थांबला नाही. "वाकायचं, खळबळायचं, ओलं कापड उचलायचं. आनि परत लोक काय बी बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

ज्ञानदेवनं परत घसा खाकरला.

"बोल की. घरात कोन न्हाय."

मी भिंतीला टेकले.

"आमच्या दिग्विजयच्या लग्नात तुम्ही पंगतीतनं मधीच उठला. जेवन टाकून. आनि घरी जाईस्तोवर कुनाशी बोलला न्हाय. तवापासनं..." ज्ञानदेवचा आवाज खाली आला. "तुम्ही एकदा सांगा फक्त, की तसं काय न्हाय. मी कमिटीत सांगतो. विषय संपला."

मला ती पंगत आठवली. मीच वाढत होते. आबांनी पानावरून उठताना उपरणं पुढं धरलं होतं.

आता ते काय म्हणणार याची मी वाट बघत होते. नाही म्हणाले तर देवाशी खोटं, आणि आबा त्यातले नाहीत. हो म्हणाले तर मान गेला, आणि एकदा ज्ञानदेवच्या घरात गेलेला मान परत यायचा नाही. इतके महिने मी ज्याच्यासाठी पहाटे उठत होते ती गोष्ट त्या एका शब्दावर होती, आणि मी इकडं कबुतरासारखी जाळीत.

नेमकं त्याच वेळी मशीन संपलं. आमचं मशीन संपलं की गाणं म्हणतं. चांगलं लांबलचक, वरातीत वाजवावं असं.

"ह्ये काय वाजलं?" काकी.

"मशीन," आबा म्हणाले.

"मशीन? सून तर भाजीला गेलीय. मग धुनं कुनी लावलं?"

"लावून गेली."

"हां." मग सोफा करकरला. "तुम्ही बोला. मी हातपाय धुऊन येते. गाडीवर लई धूळ बसली."

"बाथरूम तिकडं हाय, वहिनी."

"तिकडं नको. तुमच्या त्या चकाचक फरशीवर माझा पाय सरकतो. मागचा नळ बरा."

"मागं नको! मागं कबुतरं शिरत्यात!"

"शिरू द्यात. मी काय ज्वारी हाय?"

पावलं जवळ आली. मी चादर पाठीमागं धरली. ओली चादर पाठीमागं धरली की काय होतं ते मला तेव्हा कळलं. साडीतून पाणी पार पायांपर्यंत. कडी निघाली. दार उघडलं.

काकी आणि मी समोरासमोर.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मागून ठिबकणाऱ्या पाण्याकडं बघितलं. मान वर करून रबरी कापडाकडं बघितलं. नाक जरासं हललं. मी काय बोलणार? माझ्या तोंडातून आलं, "काकी, चहा घेतला का?"

त्या आत आल्या, दार मागं लोटलं. नळ सोडला. जणू मी तिथं नाहीच अशा बेतानं एक पाय धुतला, दुसरा धुतला, टाचा एकमेकींवर घासल्या, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग पदरानं तोंड पुसत, पदरातूनच म्हणाल्या, "कवापासनं?"

"दिवाळीपासून."

"एकटीच धुतीस?"

मी मान डोलावली.

"आनंदाला?"

"नाही माहीत."

"माझ्या मालकाचं मी मरेस्तोवर धुतलं. कुनाला कळू दिलं न्हाय." पदर खाली आला. त्यांचे डोळे कोरडे होते, आवाजही. "त्याला वाटायचं मी पुण्य करते. मला वाटायचं त्यो कवातरी एक शब्द बोलंल. दोघांचं बी राह्यलं."

एवढं बोलून त्या गेल्या. आणि जाताना कडी लावून गेल्या. सवयीनं की मुद्दाम, ते मला अजूनही माहीत नाही.

"भावजी, तुमचं खरंय," त्यांचा खणखणीत आवाज आला. "कबुतरंच हायत. लई घाण करत्यात. बंदच ठेवा दार."

आबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांची शांतता मला ओळखता येते. पेपर समोर धरून बसल्यावर असते तीच. त्यांना कळलं होतं, काकींनी बघितलं. आणि काकींनी बघून झाकलं, हेही कळलं होतं. आता ते सहज म्हणू शकत होते, तसं काही नाही रे ज्ञानदेवा. साक्षीला काकी होत्याच.

"ज्ञानदेवा," आबा म्हणाले.

"बोला आबा."

"यंदा माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

मी डोळे मिटले. चादर हातातून सुटून बादलीत पडली.

"का?" असं ज्ञानदेवनं विचारलं नाही. तेवढ्यापुरतं मी त्याला माफ केलं. तो लगेच म्हणाला, "मग काळजी करू नका आबा. आमच्या घरात माणसं हायत. आम्ही संबाळतो."

"तुमच्या घरात कशाला? मान माझ्या घराचा हाय."

"पर आनंदला येळ असतो का? दुकान, जीएसटी..."

"आनंद न्हाय. त्याला सोताचा रुमाल धुता येत न्हाय." आबांनी कप खाली ठेवला. "सूनबाई धुईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

ज्ञानदेवलाही तसंच वाटलं असावं. "कोन?"

"रुपाली. माझी सून."

"आबा, बाईमानूस? देवाचं? आजवर कधी..."

"आजवर मी हुतो."

"कमिटी काय म्हनंल? आनि बायकांचं ते असतं... अडचण बिडचण..."

"तिची अडचण असंल तर ती बघंल," काकी मधे पडल्या. "तुझी काय अडचण हाय? तुझं बनियान कोन धुतं?"

"आई, त्याचा काय संबंध?"

"तुझ्या बनियानापेक्षा देवाचा शेला जास्त मळतो का, एवढंच इचारलं."

"मी न्हाय म्हनत न्हाय," ज्ञानदेव गोंधळून म्हणाला. "पन वहिनींना इचारलं का कुनी?"

त्या घरात, त्या सकाळी, हा प्रश्न सुचलेला तो एकटा माणूस. ज्याला माझ्या घरातून मान न्यायचा होता त्यालाच तो सुचला.

"ती न्हाय म्हनायची न्हाय," आबा म्हणाले. ठाम. अभिमानानं.

नाही म्हणायला मी तिथं असायला हवं होतं, आणि मी मार्केट यार्डात होते.

काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. भरून आलं, खोटं कशाला बोलू? या माणसानं सगळ्या भावकीसमोर सर्वांत मोठी गोष्ट माझ्या ओंजळीत टाकली होती. देवळाच्या मागच्या त्या पातेल्यांच्या जवळ आजवर आमच्या घरची बाई गेली नव्हती. आणि त्याच वेळी मला दिसत होतं, पहाटे आबांची चादर, मग घरातलं धुणं, मग देवाचं. दुसऱ्या कुणी सुटकेसाठी देवाकडं जावं, तर देवही कपडे घेऊन माझ्याच दारात. मी कोंडलेली असताना माझं धुणं वाढलं होतं.

मंडळी उठली. काकी दारात चपला घालताना मोठ्यानं म्हणाल्या, "रुपाली आली की तिला सांगा, काकी इचारत हुती. आनि तिला म्हनावं, चप्पल घालून जात जा भाजीला." दार बंद झालं. लिफ्ट वाजली.

मी थांबले. आबा स्वयंपाकघरात आले. कडीजवळ आले. पण कडी निघेना. माणूस तिथंच उभा आहे हे मला श्वासावरून कळत होतं.

"गेली," ते पलीकडून म्हणाले.

"हं."

"ऐकलंस?"

"मी भाजीला गेले होते, आबा."

मग खाकरल्यासारखं हसणं. कडी निघाली. आबा दारात, मान खाली. मी पायापर्यंत भिजलेली. आम्ही दोघंही पहिल्यांदाच त्या चादरीसमोर एकत्र उभे होतो, आणि कुणालाच कुठं बघावं ते कळेना.

"मला विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"तू घरात नव्हतीस."

"तुम्हीच पाठवलंत."

मग त्यांनी वाकून, एका हातानं मशीनला धरत, बादलीतून चादरीचं एक टोक उचललं. मी दुसरं उचललं. ते उजवीकडं पिळायला लागले, मी डावीकडं. त्यांच्या मनगटात अजून जोर आहे. पाणी धो धो पडलं.

"आबा, एक सांगू?" मी पिळता पिळताच म्हणाले, कारण हात चालू असले की बोलता येतं. "नुसती घडी घालून ठेवू नका. बादलीत गार पाणी घालून बुडवून ठेवत जा. वाळली की फार घासावी लागते."

त्यांचे हात थांबले. कान लाल झाले. मग परत पिळायला लागले.

"बरं," म्हणाले.

"आणि डॉक्टरकडं जायचं. आनंदला मी सांगते. तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"बरं."

"त्यावर औषध असतं, आबा. माणसं बरी होतात."

"बरं म्हनलं ना."

चादर स्टँडवर टाकली. मी म्हणाले, "आणि देवाचं मी अजून हो म्हटलेलं नाही."

आबांनी वर बघितलं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. "मान हाय, पोरी."

"माहितीय. पण नको असेल तर?"

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मला दिसत होतं. मग म्हणाले, "मग ज्ञानदेवाला सांगतो. पर येळेत सांग. त्यो टपलाय." आणि थोडं थांबून, "लई अवघड नसतं. देवाचं पिळायचं न्हाय, एवढं ध्यानात ठेवायचं. आपटायचं न्हाय. पानी निथळू द्यायचं. साबन लावायचा न्हाय, रिठ्याचं पानी करायचं. आदल्या रातीला भिजत घालायचं. आनि शेला आधी, खोळ मागनं. शेल्याचा रंग कच्चा हाय, त्यो हळू..."

ते सांगत गेले. ओला हात हवेत फिरवत, शेला कसा धरायचा ते दाखवत. मी त्यांना इतकं बोलताना सासूबाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मशीनमधले कपडे काढायचे होते, कुकर लावायचा होता, साडी बदलायची होती. मी त्यातलं काही केलं नाही. हो म्हणायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. निदान रात्रभर तरी नाही. निदान त्यांना एकदा वाट बघायला लावायची.

"रिठे किती लागतात?" मी विचारलं.

विचारून झालं आणि माझ्या लक्षात आलं. आबांच्याही आलं असावं, कारण त्यांनी चटकन तोंड फिरवलं आणि ते बेसिनकडं हात धुवायला गेले.